पाच सेकंद आले कुठून? सर्व्हर लॉग गाळणारा एक गाजलेला पेपर वाचताना

सकाळी सातला सोसायटीतलं पाणी जातं. पाच मिनिटांत व्हॉट्सॲप ग्रुपवर चाळीस मेसेज. ‘पाणी नाही’, ‘आमच्याकडे पण नाही’, ‘वॉचमनला कोणी सांगितलं का?’ सेक्रेटरी पहिला मेसेज वाचतात, पंपवाल्याला फोन लावतात आणि बाकीचे एकोणचाळीस तसेच सोडून देतात. बरोबरच आहे त्यांचं. बिघाड एक, तक्रारी चाळीस.

पण समजा, त्यातला एक मेसेज बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून आला होता, आणि तिथलं पाणी पंपामुळे गेलेलंच नव्हतं. तिथे भिंतीतला पाइप फुटला होता. शब्द मात्र तेच: ‘पाणी नाही’. पंप सुरू झाला, ग्रुप शांत झाला, आणि भिंतीत पाणी मुरत राहिलं. सेक्रेटरींनी जे केलं त्यालाच लॉगच्या भाषेत फिल्टर म्हणतात.

आज ज्या पेपरबद्दल लिहितेय, त्यात सोसायटीच्या जागी पाच सुपरकॉम्प्युटर आहेत आणि चाळीस मेसेजच्या जागी सतरा कोटींहून जास्त. स्टॅनफर्डचे ॲडम ऑलिनर आणि सँडिया नॅशनल लॅबोरेटरीजचे जॉन स्टीअर्ली यांचा ‘व्हॉट सुपरकॉम्प्युटर्स से: अ स्टडी ऑफ फाइव्ह सिस्टिम लॉग्स’ हा पेपर. डीएसएन परिषदेत २००७ साली आला. लॉगवर काम करणार असाल तर तो टाळता येणारच नाही, कारण त्यातला डेटा आजही वापरात आहे. लॉगवर काम करणार नसाल तरीही वाचा. ‘पुनरावृत्ती काढून डेटा स्वच्छ केला’ हे वाक्य तुमच्या प्रबंधात कुठे ना कुठे येणारच आहे. माझ्या आलं होतं, आणि ते मला बरंच महागात पडलं. ते पुढे सांगते.

पेपरमध्ये आहे काय

पाच मशिन: ब्लू जीन/एल, थंडरबर्ड, रेड स्टॉर्म, स्पिरिट आणि लिबर्टी. पहिलं लॉरेन्स लिव्हरमोरचं, बाकी चार सँडियाचे. ब्लू जीन/एलमध्ये १,३१,०७२ प्रोसेसर, तर लिबर्टीत फक्त ५१२. पाचही मशिनचे मिळून जवळजवळ ९७ कोटी लॉग मेसेज. त्यातले १७,८०,८१,४५९ मेसेज ‘अलर्ट’ ठरले, म्हणजे सिस्टिम ॲडमिननं लक्ष घालावं असे. कोणता मेसेज अलर्ट धरायचा हे ॲडमिन लोकांशी बोलून, हातानं नियम लिहून ठरवलं आणि अलर्टचे ७७ प्रकार केले.

हातानं कशाला? मेसेजवरच गंभीरतेचा शिक्का असतो ना? हाच प्रश्न मलाही पडला होता. उत्तर पेपरमध्येच आहे. ब्लू जीन/एलच्या लॉगमध्ये ‘फेटल’ किंवा ‘फेल्युअर’ असा शिक्का असलेले मेसेज साडेआठ लाखांहून जास्त आहेत, आणि त्यातले साधारण ५९ टक्के अलर्ट नव्हतेच. एक मेसेज तर असा आहे की शिक्का ‘फेल्युअर’चा, आणि मजकूर काय, तर अमुक प्रोग्रॅम ‘एक्झिटेड नॉर्मली’. म्हणजे सगळं नीट संपलं, आणि वर शिक्का बिघाडाचा! लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरनं जे ठरवलं ते वाचणाऱ्यानं आंधळेपणानं मानू नये, हा पेपरचा पहिला धडा. लेखक आणखी एक मुद्दा मांडतात: त्या वेळी मशिन कोणत्या अवस्थेत होतं, दुरुस्तीला काढलेलं होतं की चालू होतं, हे लॉगमध्ये लिहिलेलंच नसतं. आणि तेवढ्यावरून एकच ओळ धोक्याची ठरते किंवा बिनमहत्त्वाची.

इथपर्यंत मला पेपरवर काही आक्षेप नाही. प्रत्यक्ष चालणाऱ्या मशिनचे कच्चे लॉग, तेही एकापेक्षा जास्त सुपरकॉम्प्युटरचे, एकत्र अभ्यासून उघड करणं हे त्या काळी नवीन होतं. खरी चर्चा पुढच्या पायरीची आहे: हे सतरा कोटी अलर्ट गाळायचे कसे?

चाळणी कशी चालते

आधीच्या संशोधकांची पद्धत दोन पायऱ्यांची होती. पहिली पायरी वेळेची: एकाच नोडनं एकाच प्रकारचा अलर्ट T सेकंदांच्या आत पुन्हा दिला तर तो काढायचा. दुसरी पायरी जागेची: तोच अलर्ट दुसऱ्या एखाद्या नोडनं गेल्या T सेकंदांत दिलेला असेल तरीही काढायचा. दोन चाळण्या, एकीनंतर दुसरी.

यात गडबड कुठे होते ते कागदावर करून बघा. T म्हणजे ५ सेकंद घ्या. ‘क’ नोड ०, ४ आणि ८ व्या सेकंदाला डिस्कचा अलर्ट देतो. त्याच बिघाडामुळे ‘ख’ नोड १० व्या सेकंदाला तोच अलर्ट देतो. पहिली चाळणी ‘क’चा ० सेकंदाचा अलर्ट ठेवते, ४ आणि ८ चे जातात. आता दुसरी चाळणी ‘ख’कडे येते आणि मागे पाहते: गेल्या ५ सेकंदांत कोणी बोललं होतं का? ८ व्या सेकंदाला ‘क’ बोलला होता, पण तो पुरावा पहिल्या चाळणीनंच फेकून दिलेला आहे. उरलाय फक्त ० सेकंदाचा, आणि तो १० सेकंद जुना. म्हणून ‘ख’चा अलर्ट नवा बिघाड म्हणून मोजला जातो. एकाचे दोन झाले.

ऑलिनर आणि स्टीअर्ली यांनी दोन्ही चाळण्या एकत्र केल्या. नियम साधा: हा प्रकार कोणत्याही नोडनं गेल्या T सेकंदांत दिलेला असेल तर आत्ताचा अलर्ट पुनरावृत्ती समजून काढायचा, आणि घड्याळ मात्र काढलेल्या अलर्टपासून पुन्हा सुरू करायचं. वरच्या उदाहरणात आता ‘ख’चा अलर्ट गळतो, एकच उरतो. काही ओळींचा प्रोग्रॅम आहे, एका दुपारी पायथनमध्ये लिहून होतो. नक्की लिहून बघा.

परिणाम डोळे विस्फारणारा आहे. सतरा कोटी ऐंशी लाखांहून जास्त अलर्ट गाळून उरले १०,६४५. एकट्या स्पिरिट मशिनचे १७,२८,१६,५६४ होते, त्यांचे झाले ४,८७५.

एक नोड ओरडत होता, दुसरा मेला

आता स्पिरिटच्याच त्या सतरा कोटींकडे बघू. त्यातले ८,९६,३२,५७१ अलर्ट एकाच नोडचे होते, नाव एसएन३७३. डिस्क बिघडली होती आणि तो तेच तेच सांगत राहिला. अर्ध्याहून जास्त अलर्ट एका नोडचे! ते गाळलेच पाहिजेत, यात वाद नाही.

पण नियम पुन्हा वाचा: ‘कोणत्याही नोडनं’ आणि ‘घड्याळ पुन्हा सुरू’. एसएन३७३ पाच सेकंदांच्या आत पुन्हा पुन्हा ओरडतोय, म्हणजे घड्याळ कधी संपतच नाही. जोवर तो ओरडतोय, तोवर दुसऱ्या कोणत्याही नोडची डिस्क गेली तरी तिचा अलर्ट पुनरावृत्ती ठरणार. आणि झालंही तसंच. एसएन३२५ या नोडची डिस्क स्वतंत्रपणे बिघडली, योगायोगानं त्याच काळात. फिल्टरनं तो अलर्ट गिळला. हाच आपला बी विंगचा पाइप.

हे आपल्याला कळतं कसं? लेखकांनीच लिहून ठेवलंय म्हणून. ते सांगतात की कोणत्याही एका मशिनवर जास्तीत जास्त एक खरा बिघाड या फिल्टरमुळे हरवला, आणि त्या बदल्यात जुन्या पद्धतीनं उरलेले कधी कधी डझनांनी खोटे अलर्ट गेले. हरवलेला कोणता, तेही नाव घेऊन सांगतात. संशोधनाच्या तयारीत असलेल्या प्रत्येकानं या एका वाक्याखाली रेघ मारावी. आपल्या पद्धतीनं काय गमावलं हे पेपरमध्ये लिहायला हिंमत लागते. रिव्ह्यूअर तेच वाक्य पकडून बसतील अशी भीती असते. त्यांनी लिहिलं, म्हणून आज त्यावर बोलता येतंय.

माझा आक्षेप हिशोबाच्या पद्धतीवर आहे. ‘एक गमावला, डझनभर वाचवले’ हा सौदा मोजणीपुरता ठीक आहे. पण फिल्टर बिघाड मोजतोय की बिघाड शोधतोय? आकडेवारीसाठी ४,८७५ मध्ये एक कमी-जास्त झाल्यानं फरक पडत नाही. ज्या माणसाला सकाळी उठून डिस्क बदलायची आहे, त्याच्यासाठी एसएन३२५ हीच एकमेव महत्त्वाची ओळ होती. एकच फिल्टर दोन्ही कामांना चालेल असं पेपर गृहीत धरतो, आणि ते गृहीतक कुठे वेगळं काढून तपासत नाही.

शिवाय या चुकीचं स्वरूप बघा. ती कधीही, कुठेही होणारी चूक नाही. एखादा नोड सगळ्यात जास्त गोंगाट करतो तेव्हाच बाकीचे त्याच प्रकारात मुके होतात. म्हणजे यंत्रणा सगळ्यात अडचणीत असते नेमक्या त्याच वेळी चाळणी सगळ्यात जास्त आंधळी असते. एकूण किती हरवले या आकड्यात ही गोष्ट दिसत नाही.

९८ टक्के झाले १९ टक्के

आता पेपरमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तक्ता. दुर्दैवानं बहुतेक लोक तो पटकन पलटून पुढे जातात.

लेखकांनी अलर्टचे तीन गट केले: हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि ठरवता न येणारे. गाळण्याआधी हार्डवेअरचे १७,४५,८६,५१६, म्हणजे ९८ टक्के. सॉफ्टवेअरचे १,४४,८९९, म्हणजे ०.०८ टक्के. गाळल्यावर? हार्डवेअर १,९९९, सुमारे १९ टक्के. सॉफ्टवेअर ६,८१४, म्हणजे ६४ टक्के.

मशिन तेच, दिवस तेच, लॉग तोच. मध्ये फक्त पाच सेकंदांचा एक नियम आला आणि निष्कर्ष उलटा झाला. आधीचा तक्ता धरला तर पैसे डिस्क आणि मेमरीवर खर्च करा असं म्हणावं लागेल. नंतरचा धरला तर सॉफ्टवेअर सुधारा. यातलं खरं काय?

पटकन उत्तर येतं की नंतरचं, कारण आधीच्यात पुनरावृत्ती होती. पण नंतरच्यातही पुनरावृत्ती नाही कशावरून? लिबर्टीचं उदाहरण घ्या. गाळल्यावर तिथे १,०५० अलर्ट उरले, आणि त्यातले ९२० एकाच प्रकारचे होते, पीबीएस या जॉब शेड्यूलरचे. पेपरमध्येच सांगितलंय की त्यामागे पीबीएसमधला एक दोष होता. मग हे ९२० बिघाड की एक? ज्यांचे जॉब मेले त्या वापरणाऱ्यांच्या दृष्टीनं शेकडो. ज्यानं तो दोष शोधून दुरुस्त केला त्याच्या दृष्टीनं एक. पाच सेकंदांच्या नियमाच्या दृष्टीनं ९२०, कारण दोन मेसेजमध्ये पाचाहून जास्त सेकंद गेले. तीन उत्तरं, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

माझं म्हणणं इथे स्पष्टपणे मांडते. फिल्टर म्हणजे सफाई नव्हे, तर ‘एक बिघाड म्हणजे काय’ या प्रश्नाला दिलेलं उत्तर. ते उत्तर देणं चूक नाही. दिल्याशिवाय मोजणीच होत नाही. पण ते ‘डेटाची पूर्वतयारी’ या मथळ्याखाली दोन ओळींत उरकणं चूक आहे. ज्या गोष्टीनं निष्कर्ष उलटतो, ती निष्कर्षाचाच भाग असते.

आणि हा T पाचच का? आधीच्या कामाशी जुळावं म्हणून. तुलना करण्यासाठी ते योग्यच आहे. पण ५१२ प्रोसेसरचं मशिन आणि सव्वा लाखाहून जास्त प्रोसेसरचं मशिन, दोघांनाही तेच पाच सेकंद. पाचाऐवजी ३० किंवा ३०० घेतले असते तर १९ आणि ६४ टक्क्यांचं काय झालं असतं, हे पेपर दाखवत नाही. अर्थात एकच थ्रेशोल्ड सगळ्या प्रकारच्या अलर्टना पुरणार नाही हे लेखकांनाही दिसत होतं. ब्लू जीन/एलचे अलर्ट गाळल्यानंतरही त्यांच्यामधल्या वेळांच्या आलेखात दोन उंचवटे राहतात, आणि त्यातला एक उरलेल्या पुनरावृत्तीचा असावा असं ते स्वतः म्हणतात. निदान बरोबर होतं. त्यावरून पुढे जाऊन मुख्य तक्ता पुन्हा तपासला असता तर पेपर आणखी भक्कम झाला असता.

पुनरावृत्ती हाच पुरावा असतो तेव्हा

फिल्टर लिहिताना आपण मनात धरून चालतो की दुसरा, तिसरा, शंभरावा मेसेज नवीन काही सांगत नाही. हे खोटं ठरवणारं उदाहरण याच पेपरमध्ये आहे.

थंडरबर्डवर सीपीयूच्या घड्याळाशी संबंधित एक अलर्ट येत होता. लेखकांचा आधी अंदाज होता की हा प्रकार प्रत्येक नोडवर स्वतंत्रपणे घडत असावा, कारण मूळ कारण भौतिक वाटत होतं. प्रत्यक्षात पाहिलं तर अनेक नोड एकाच वेळी तीच तक्रार करत होते. माग काढल्यावर लिनक्स कर्नलमधला एक दोष सापडला. नेटवर्कवर ताण आला की तो डोकं वर काढायचा, म्हणून एकाच संवादप्रधान जॉबमधले सगळे नोड एकदम ओरडायचे.

विचार करा, इथे धागा कशानं दिला? ‘हाच मेसेज त्याच वेळी दुसऱ्या नोडवरही आला’ या माहितीनं. जागेची चाळणी नेमकी हीच माहिती फेकते. त्यांनी कच्चा लॉग जपून ठेवला होता म्हणून ते मागे जाऊन बघू शकले. फक्त गाळलेली फाईल हातात असती तर त्या जागी एक अलर्ट दिसला असता, एका नोडचा, आणि दोष कर्नलचा आहे हे कळायला काही मार्गच उरला नसता. हा फिल्टर पहिला अलर्ट ठेवतो आणि बाकी टाकतो. किती टाकले, कोणाचे टाकले, शेवटचा कधी आला, यातलं काही त्याच्या निकालात उरत नाही. माझ्या मते या पद्धतीची ही सगळ्यात मोठी उणीव, आणि सगळ्यात सोपी दुरुस्त होणारीही.

चाळणीच्या आधीच्या चाळण्या

आणखी एक गोष्ट. तुमच्या हातात येणारा ‘कच्चा’ लॉग खरोखर कच्चा नसतो. लिनक्स कर्नलमध्ये सारखे येणारे मेसेज रोखायची सोय असते. नेहमीची मूळ मर्यादा ५ सेकंदांत १० मेसेज. पुढचे लिहिलेच जात नाहीत, किती रोखले तेवढी एक ओळ येते. जुना सिसलॉग सलग तेच आलं की ‘लास्ट मेसेज रिपीटेड’ अमुक वेळा, असं लिहून मोकळा होतो. आणि सिसलॉग यूडीपीवरून पाठवला जात असेल तर गर्दीच्या वेळी काही मेसेज वाटेतच हरवतात, कोणाला न कळता.

शिवाय ‘तोच मेसेज’ म्हणजे कोणता, हीसुद्धा एक चाळणीच. प्रत्येक ओळीत वेळ असते, म्हणून दोन ओळी अक्षरशः सारख्या कधीच नसतात. मग आपण वेळ काढतो, आकडे काढतो, डिस्कचं नाव काढून तिथे चांदणी ठेवतो. त्या चांदणीमुळे पहिली डिस्क आणि दुसरी डिस्क एक झाल्या, हे दोन महिन्यांनी लक्षात येतं. टर्मिनलवर सॉर्ट आणि युनिक लावून मोजणी केली तर वेळेचा क्रमच मोडतो, आणि कशानंतर काय झालं हे त्या यादीतून परत काढता येत नाही.

आता माझं प्रकरण

दुसऱ्या वर्षात मी एका छोट्या क्लस्टरच्या लॉगवर काम करत होते. हाच फिल्टर लिहिला, T पाच ठेवला, तक्ता काढला. नेटवर्क फाईल सिस्टिमचे बिघाड सगळ्यात वर. खूश होऊन प्रोग्रेस सेमिनारला गेले. गाईडनी तक्ता पाहिला आणि एकच विचारलं, “हे पाच कुठून आलं?”

“सर, पेपरमधून.”

“आणि तुझ्या क्लस्टरला ते माहितीये का?”

खोलीत थोडा हशा झाला. मला काही हसू आलं नाही. त्या रात्री T साठ केला, मग तीनशे. फाईल सिस्टिमचा रकाना कोसळला आणि दुसरीच गोष्ट वर आली. कारण उघड होतं, फक्त मी पाहिलं नव्हतं: फाईल सर्व्हर उत्तर देईनासा झाला की नोड लगेच लगेच ओरडत नाहीत, वाट बघतात, मग पुन्हा विचारतात. साधारण मिनिटाच्या अंतरानं ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग’. पाच सेकंदांच्या नियमानं प्रत्येक ओळ नवा बिघाड धरला. माझ्या तक्त्यातल्या पहिल्या क्रमांकाचे बहुतेक ‘बिघाड’ म्हणजे एका संध्याकाळी अडकलेला एक सर्व्हर होता. सिनॉप्सिसचं एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

तेव्हा वाईट वाटलं. आज वाटतं की व्हायवाच्या टेबलावर बाहेरच्या परीक्षकानं तोच प्रश्न विचारण्यापेक्षा हे बरं झालं.

आणि हा प्रश्न फक्त माझ्या छोट्या क्लस्टरपुरता नाही. ब्लू जीन/एल, थंडरबर्ड आणि स्पिरिटचे लेबल लावलेले लॉग आज मशिन लर्निंगच्या पेपरमध्ये परीक्षेसाठी वापरले जातात. तिथे ओळी मोजून गुण दिले तर काय होईल, साधा हिशोब करा: स्पिरिटवर एखादं मॉडेल फक्त एसएन३७३ची ती एकच कुरकूर ओळखायला शिकलं, तरी अर्ध्याहून जास्त अलर्ट त्यानं ‘पकडले’. शिवाय ओळी यादृच्छिक पद्धतीनं वाटल्या तर तीच ओळ प्रशिक्षणातही आणि परीक्षेतही. असा पेपर वाचताना आकडा बघण्याआधी विचारा: इथे मोजलंय काय, ओळी की बिघाड? आणि वाटणी काळाच्या क्रमानं केली होती का?

मग करायचं काय

मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते. लॉग सोडून इतर डेटावर काम करत असाल तरी बहुतेक लागू होतील.

पहिली, पुसू नका, खूण करा. प्रत्येक ओळीला गट क्रमांक द्या. मूळ फाईल फक्त वाचता येईल अशी ठेवून द्या. डिस्कवर जागा लागेल, पण कच्च्या लॉगशिवाय थंडरबर्डचा दोष सापडला नसता.

दुसरी, गटाबरोबर चार गोष्टी ठेवा: पहिली वेळ, शेवटची वेळ, एकूण किती, आणि कोणकोणत्या नोडकडून. एसएन३७३च्या गटाच्या नोडयादीत एसएन३२५ हे नाव दिसलं असतं. तेवढ्यानं ॲडमिनला निदान शंका आली असती.

तिसरी, T एक घेऊ नका. १, ५, ३०, ६०, ३०० असे घेऊन तक्ता पुन्हा पुन्हा काढा. क्रम बदलत नसेल तर तसं अभिमानानं लिहा. बदलत असेल तर तो बदल हाच तुमचा निष्कर्ष, तो लपवू नका. प्रत्येक प्रकाराला वेगळा T लागतोय असं दिसलं तर दोन मेसेजमधल्या वेळांचा आलेख काढा आणि दरी कुठे आहे ते बघा.

चौथी, टाकलेल्यांपैकी काही ओळी उचलून हातानं वाचा. कंटाळवाणं काम आहे. धान्य पाखडल्यावर कोंडा एकदा हातात घेऊन बघतात ना, तसं. माझ्या सगळ्या चुका तिथेच सापडल्या.

पाचवी, खोटा बिघाड पेरून बघा. गोंगाटाच्या मध्यावर दुसऱ्या नोडचा एक अलर्ट स्वतः घाला आणि फिल्टर चालवा. तो वाचतो का? वाचला नाही, तर किती वेळा वाचत नाही ते मोजा आणि लिहा.

एकूण मत विचाराल तर पेपर उत्तम आहे, आणि माझे सगळे आक्षेप त्यातल्याच आकड्यांवर उभे आहेत. त्यांनी कच्चे आणि गाळलेले, दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले नसते, एसएन३२५चं नाव लिहिलं नसतं, तर हा लेखच लिहिता आला नसता. वाचणाऱ्याला आपल्याशी भांडता येईल इतकी माहिती पेपरमध्ये ठेवणं, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं. पाचचा आकडा मात्र तसाच उचलू नका.

या आठवड्यात वेळ काढून ब्लू जीन/एलचा लॉग उतरवून घ्या. ४७ लाखांच्या वर ओळी आहेत, साध्या लॅपटॉपवरही चालतो. ओळीच्या सुरुवातीला नुसती आडवी रेघ असेल तर तो अलर्ट नाही, नाहीतर तिथे प्रकाराचं नाव असतं. फिल्टर लिहा, पाच वेगवेगळे T घेऊन चालवा आणि तक्ते शेजारी शेजारी ठेवा. त्यातला कोणता तुम्ही प्रबंधात टाकाल, आणि का, हे कुणीतरी विचारण्याआधी चार ओळींत लिहून ठेवा.